जीप बदलली, तर आरसीही बदलू द्या

नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणाच्या पोलीसप्रमुखांनी पत्रकारांसमोर थार आणि बुलेट चालवणाऱ्यांबद्दल एक सरसकट विधान केलं. टवाळखोर मंडळी याच गाड्या वापरतात, तेव्हा नाक्यावर त्या न अडवता सोडायच्या कशा, असा त्याचा आशय होता. त्यावरून आपल्याकडेही दोन तट पडले. एकाचं म्हणणं, उंच केलेली, जाड टायरांची जीप म्हणजे निव्वळ माज. दिसेल तिथे उचला. दुसऱ्याचं म्हणणं, गाडी माझी, पैसा माझा, रोड टॅक्स मी भरलाय, आरटीओचा संबंध काय? दोन्ही तट मालकाच्या स्वभावावर भांडत आहेत आणि गाडीबद्दल कुणीच बोलत नाही. तिच्या सस्पेन्शनचे पाटे कुणी बदलले? ब्रेकचा पाइप नव्या उंचीला पुरतो का? मोठे टायर घातल्यावर ती थांबायला किती जास्त जागा घेते? आणि हे तपासून कागदावर चढवणारी काही सोय आपल्याकडे आहे का? मालक सज्जन असला म्हणून सैल स्टीअरिंग घट्ट होत नाही, आणि टवाळखोर असला म्हणून नीट बसवलेलं सस्पेन्शन धोकादायक होत नाही.

मी स्वतः फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी चालवतो, तेव्हा माझी बाजू आधीच सांगून टाकतो. डोंगरात जाण्यासाठी केलेले, मोजमाप घेता येतील असे बदल कायदेशीर करा. प्रत्येक बदल तपासा, आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आणि विम्याच्या पॉलिसीवर चढवा. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या जिवावर उठणारे बदल ठामपणे बंद ठेवा. आणि जी गाडी रस्त्यासाठी उरलेलीच नाही, ती ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवूनच ट्रॅकपर्यंत न्यायची सक्ती करा. आज आपल्याकडे जवळपास सगळंच संशयास्पद आहे, आणि म्हणूनच सगळंच बिनबोभाट चालू आहे. लपवून केलेला बदल हा उघड केलेल्या बदलापेक्षा नेहमीच जास्त धोक्याचा असतो, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे.

आधी कायदा पाहू, कारण या वादात तो धड कुणी वाचलेला दिसत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवून दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम प्रमाण मानलं आणि राज्याचे नियम त्याच्या चौकटीतच वाचायला सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही वाढली. कलम १८२-ए प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इथवरचं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण याच दुरुस्तीने कलम ५२ ला आणखी एक परंतुक जोडलं आहे, त्याची आठवण कुणी काढत नाही. गाडीतल्या बदलांची आणि रेट्रोफिटिंगची, म्हणजे नंतर भाग बसवण्याची, मानकं, मंजुरीच्या अटी आणि इतर बाबी केंद्र सरकार ठरवून देऊ शकेल, आणि अशा बदलासाठी उत्पादकाने दिलेली वॉरंटी रद्द धरली जाणार नाही, असं ते परंतुक म्हणतं. म्हणजे संसदेने वाट ठेवली आहे. मात्र डोंगरातल्या गाडीचं सस्पेन्शन, टायर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), बंपर यांच्यासाठी स्पष्ट मोजमापांचं एखादं प्रकरण अजून कुणी लिहिलेलं नाही. परिणाम काय होतो, तर खाजगी मोटारीच्या आरसीवर रंग, व्हीलबेस, आसनक्षमता, रिकाम्या गाडीचं वजन, इंजिन आणि चासीचा क्रमांक असतो. जमिनीपासूनची उंची आणि टायरचं माप नसतं. मग दोन इंच उचललेली गाडी कलम ५२ मोडते की नाही? एका जिल्ह्यातला अधिकारी नाही म्हणतो, शेजारच्या जिल्ह्यातला पावती फाडतो. ज्याला नियम पाळायचा आहे त्याला नियम नेमका काय ते सांगता येत नसेल, तर तो मोडणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने शिक्षा करणार?

आता समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. रस्ता सगळ्यांचा आहे, आणि बदललेल्या गाडीची किंमत बहुतेक वेळा आत बसलेला मोजत नाही. २०२२ मध्ये आपल्या देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांतले जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारे. या माणसांच्या अंगावर लोखंडी बुलबार, म्हणजे बंपरपुढे बसवलेली जाड नळ्यांची चौकट, आदळला तर काय होतं ते सांगायला अभियंता लागत नाही. मूळ बंपर दबतो, बॉनेट दबतं, आणि त्या दबण्यात समोरच्याच्या हाडांचा थोडा तरी विचार केलेला असतो. थेट चासीला बोल्ट केलेली नळी दबत नाही. शिवाय ती धडकेचा भार भलत्याच वाटेने नेते आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं ते योग्यच होतं. छतावरच्या एलईडी बारचंही तेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १११ वा नियम पुढच्या बाजूला सर्चलाइट लावू देत नाही, अपवाद फक्त नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीचा. रात्री कसारा घाटात समोरून असा बार पेटवून येणारी गाडी ज्याने अंगावर घेतली आहे, तो या नियमाविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. समोरच्या दुचाकीस्वाराला चार-पाच सेकंद रस्ता दिसत नाही, आणि घाटातल्या वळणावर तेवढे सेकंद पुरतात. फाडलेले सायलेन्सर, मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं, झाकलेल्या नंबरप्लेटी यांच्या बाजूनेही माझ्याकडे काही युक्तिवाद नाही. यांतलं काहीही डोंगरात गाडी चढवायला लागत नाही.

पण उंची आणि टायर यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे दोन्ही तट सारखेच चुकतात. जमिनीपासून उंची वाढली की दगडावर पोट घासत नाही. टायर मोठा आणि खाचांचा असला की चिखलात पकड मिळते. हा उपयोग खरा आहे. त्याची किंमतही खरी आहे, आणि ती आकड्यांत मांडता येते. थारच्या साध्या आवृत्तीवर येणारा २४५/७५ आर १६ टायर घ्या. त्याचा व्यास साधारण ७७४ मिलिमीटर. त्याजागी ३३ इंची, म्हणजे ८३८ मिलिमीटरचा टायर घातला, तर एक्सल ३२ मिलिमीटर वर जातो, पण स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८६-८७ ने जात असते. ३५ इंची घातला तर तोच काटा ८० वर असताना खरा वेग ९२ च्या घरात. वेगाच्या वर्गाने ऊर्जा वाढते, म्हणजे ब्रेकला जवळपास एक-तृतीयांश जास्त काम पडतं, आणि तेही जास्त जड चाकावर, त्याच जुन्या डिस्कने. शिवाय गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. यातला प्रत्येक आकडा शाळकरी गणिताने काढता येतो. मग नियम आकड्यांत का नसावा? इतक्या मिलिमीटरपर्यंत चालेल, त्यापुढे स्पीडोमीटर पुन्हा जुळवून, ब्रेकची चाचणी देऊन, आणि त्याच्याही पुढे नाहीच, असं लिहायला काय हरकत आहे? ‘गाडी उंच दिसते’ हे काही मोजमाप नव्हे.

मोजमापाचा आग्रह का, ते एका गॅरेजमध्ये पाहिलेल्या गोष्टीवरून सांगतो. एक जुनी जीप लिफ्टवर घेतलेली होती. पुढची बाजू स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे जाड तुकडे, घालून दोन इंच उचललेली, मालक खूश. चाकं मोकळी लोंबत होती, आणि त्या स्थितीत ब्रेकचा रबरी पाइप अगदी ताठ झाला होता, बोटाने दाबला तरी हलत नव्हता. मिस्त्री म्हणाला, “दादा, पाइप पुरतोय की!” पुरत होताच, उभ्या गाडीत. पण खड्ड्यात चाक पूर्ण खाली जाईल आणि त्याच वेळी स्टीअरिंग एका टोकाला वळवलेलं असेल, तेव्हा तो पाइप एक तर सुटणार किंवा फाटणार. इलाज अवघड नव्हता. थोडा लांब पाइप, आणि त्याला चासीवर धरून ठेवणारी एक पट्टी. मालकाला हे माहीत नव्हतं आणि मिस्त्रीला त्याची गरज वाटली नव्हती. ती जीप रस्त्यावर आलीच असती, आणि तिच्याकडे पाहून नाक्यावरच्या हवालदाराला काहीच वावगं दिसलं नसतं, कारण दोन इंच डोळ्यांना कळत नाहीत. याउलट तपासून, लांब पाइप घालून, स्टीअरिंगचे कोन सुधारून उचललेली आणि चिखलाचे टायर लावलेली गाडी मात्र शंभर मीटरवरून नजरेत भरते आणि तीच अडवली जाते. दिसण्यावर चालणारी कारवाई नेमकी उलटी निवड करते.

मग सगळंच बंद का करू नये? कारण बंदी घालून गोष्ट थांबत नाही, फक्त तिच्यावरची देखरेख जाते. हे महाराष्ट्राला बैलगाडा शर्यतीच्या निमित्ताने चांगलंच माहीत आहे. ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती बंद झाल्या. खरंच बंद झाल्या का? माळरानांवर, पहाटे, गावच्या गावं पाळतीवर ठेवून शर्यती होतच राहिल्या. फरक इतकाच पडला, की आता बैलाची तपासणी करायला पशुवैद्यक नव्हता, धावपट्टीला कठडे नव्हते आणि अपघात झाला तरी तो कुणी बोलून दाखवत नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हा परवानगी, तपासणी आणि जबाबदार माणूस या तिन्ही गोष्टी परत आल्या. शर्यती असाव्यात की नसाव्यात यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. प्राणिप्रेमींचा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. पण चोरून होणारी शर्यत बैलासाठी जास्त वाईट होती, हे तर त्यांनाही नाकारता येणार नाही. गाड्यांचं आज तेच चाललं आहे. अर्धं शटर ओढून कामं होतात. पंधरा वर्षांनी रीपासिंग आलं की मूळ टायर आणि मूळ स्प्रिंग पुन्हा चढतात, कागद झाला की उतरतात. विमा कंपनीला कुणी काही कळवत नाही, मग अपघात झाला की कंपनी बदलांकडे बोट दाखवून हात वर करते. नुकसानभरपाईसाठी कोर्टकचेऱ्या करत राहतो तो ज्याला धडक बसली तो माणूस.

दुसरं उदाहरण याहून जवळचं आहे, कारण ते गाड्यांचंच आहे. सीएनजी किट बसवणं म्हणजे गाडीत केवढा मोठा बदल! डिकीत दोनशे बार दाबाचं सिलिंडर, इंजिनापर्यंत उच्च दाबाची नळी, इंधनच वेगळं. बेफिकीरपणे बसवलं तर आग लागते, आणि लागलेलीही आहे. तरी आपण ते बंद केलं नाही. मंजुरी असलेलं किट, मान्यता असलेलं केंद्र, आरटीओची तपासणी, आरसीवर इंधनाची नोंद, विम्यात जादा हप्त्याची तरतूद, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, अशी साखळी उभी केली. मुंबई-पुण्यातल्या किती रिक्षा आणि टॅक्सी त्या साखळीतून गेल्या असतील याचा विचार करा. या साखळीला गळती आहे, बोगस किटही बसतात, हे मान्य. पण आज सीएनजीच्या गाडीला अपघात झाला तर निदान पहिला प्रश्न विचारता येतो: आरसीवर नोंद आहे का? किटचा क्रमांक जुळतो का? उंच केलेल्या जीपबद्दल हा प्रश्नच विचारता येत नाही, कारण नोंद करायला जागाच नाही. किट तपासणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेची मुख्य कचेरी पुण्यात आहे. स्फोटक दाबाचं सिलिंडर तपासणाऱ्या देशाला चार स्प्रिंगा आणि एक बंपर तपासता येणार नाही, हे मला पटत नाही.

आपली व्यवस्था वस्तूपेक्षा तिच्या उगमाकडे बघते, याचा एक नमुना पाहा. फोर्स गुरखा ही जीप कारखान्यातूनच स्नॉर्केल लावून येते. कुणाची हरकत नाही, असूही नये. स्नॉर्केल म्हणजे इंजिनाने हवा बॉनेटच्या वरून घ्यायची नळी. तिने पादचाऱ्याला इजा होत नाही, आवाज वाढत नाही, धूर वाढत नाही. तीच नळी दुसऱ्या कंपनीच्या जीपला मालकाने नंतर बसवली, की ती बेकायदा आहे का यावर वाद सुरू. ताडोबात आणि पेंचमध्ये पर्यटकांना वाघ दाखवणाऱ्या जिप्सी बघा. उघडं छत, मागे पायरीसारखी चढती बाकं. मारुतीने ती गाडी तशी विकलेली नव्हती. कामाच्या गरजेने ती तशी झाली आणि सरकारी यंत्रणेच्या डोळ्यांसमोर रोज चालते. मुळात जीप आपल्याकडे वाढली तीच अशी. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीजच्या जीपांची जुळणी सुरू झाली. पुढे पेट्रोल परवडेना तेव्हा कित्येकांच्या पोटात डिझेल इंजिन बसलं, शेतावर ट्रॉली ओढायला हूक लागला, वडाप करणाऱ्यांनी मागे समोरासमोर बाकं टाकली. त्यांतलं बरंच धोकादायक होतं, आणि वडापची खचाखच भरलेली जीप हे काही गौरवाने मिरवायचं चित्र नाही. मुद्दा एवढाच, की बदल ही थारवाल्या पोरांनी काढलेली नवी खोड नाही. ती या गाडीइतकीच जुनी आहे, आणि सत्तर वर्षांत आपण ती हिशेबात घेतली नाही.

बाहेर हे कसं करतात ते पाहण्यासारखं आहे, नकलेसाठी नव्हे तर मोजमाप शक्य आहे हे कळण्यासाठी. ब्रिटनमध्ये २०२५ पर्यंत मोठे फेरफार केलेल्या गाडीची जुनी ओळख टिकते की नाही ते गुण मोजून ठरवत. मूळ चासीला ५, सस्पेन्शन, एक्सल, गिअरबॉक्स आणि स्टीअरिंग यांना प्रत्येकी २, इंजिनाला १. किमान ८ गुण लागत, आणि त्यांत न कापलेल्या चासीचे ५ असावेच लागत. नाही जमलं तर ती जुनी गाडी राहिलीच नाही असं समजून नव्याने संपूर्ण तपासणी. मला ही रीत फार आवडते, कारण तिच्यात एक स्पष्ट रेषा होती. इंजिन बदललंस, हरकत नाही; चासी कापलीस, तर आता तू गाडी बनवणारा झालास आणि बनवणाऱ्याची जबाबदारी घे. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावात जुन्या सुट्या भागांतून उघड्या जीपा उभारण्याचा मोठा धंदा आहे. तिथे ही रेषा उद्या लावता येईल. ऑस्ट्रेलियात ‘व्हेइकल स्टँडर्ड्स बुलेटिन १४’ नावाची संहिता आहे. ठरावीक उंचीपर्यंत, राज्यागणिक ५० ते ७५ मिलिमीटरच्या आसपास, गाडी उचलायला वेगळा दाखला लागत नाही. त्यापुढे मान्यताप्राप्त अभियंत्याने तपासून सही करावी लागते, आणि त्या सहीची जबाबदारी त्याच्यावर राहते. जर्मनीत सुट्या भागासोबतच त्याच्या मंजुरीचा कागद येतो, किंवा तपासनीस बदल पाहून गाडीच्या कागदांत लिहितो. तिन्ही देशांत रस्ते आपल्यापेक्षा सुरक्षित आहेत, आणि तिन्ही देशांत लोक गाड्या बदलतात.

यावर लगेच म्हणतील: ते देश वेगळे. आपल्याकडे तपासणी म्हणजे एजंट, आणि दाखला म्हणजे पाकीट. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आरटीओच्या आवारात एक सकाळ घालवलेल्या कुणालाही तो सुचेल. पण त्याचा तर्क शेवटपर्यंत नेऊन बघा. तपासणी विकत मिळते म्हणून तपासणीच नको, तर मग ड्रायव्हिंग लायसन्सचं काय? पीयूसीचं काय? ट्रकच्या फिटनेसचं काय? शिवाय आजची बंदीही काही फुकट अमलात येत नाही. नाक्यावर ५,००० चा दंड आणि ५०० ची चिरीमिरी यांत माणूस काय निवडतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. नियम जितका मोघम, तितकी अडवणाऱ्याची सत्ता मोठी. ‘सस्पेन्शन ५० मिलिमीटरपर्यंत’ असं लिहिलं तर मालकाला टेपने मोजून दाखवता येतं आणि अधिकाऱ्यालाही मोजावंच लागतं. अभियंत्याची सही, फोटो आणि सुट्या भागांचे क्रमांक ऑनलाइन चढले, तर अपघातानंतर ते उघडता येतात. खोटी सही करणाऱ्याचा परवाना जातो. आजच्या व्यवस्थेत कुणाचंच काही जात नाही, कारण कुणी कशावर सहीच केलेली नाही.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो मला नैतिकदृष्ट्या जास्त खुपतो. पंधरा-वीस लाखांच्या गाडीवर आणखी चार-पाच लाख उधळणाऱ्या हौशी लोकांसाठी सरकारने वेळ का घालवावा? एसटी बंद पडलेल्या गावांचं आधी बघा. ऑफ-रोडर मंडळी यावर घाईने केरळच्या २०१८ च्या पुराचा दाखला देतात. त्या पुरात उंच केलेल्या जीपांनी माणसं आणि औषधं पोचवली, आणि ते काम निःसंशय मोठं होतं. पण त्या दाखल्यावर मी विसंबणार नाही. वर्षातल्या दोन दिवसांच्या उपकाराने बाकीच्या दिवसांचा धोका माफ होत नाही. माझं उत्तर दुसरं आहे. तपासणीचा फायदा हौशी मालकाला कमी आणि त्याच्या पुढे चालणाऱ्या एसटीला, शेजारून जाणाऱ्या दुचाकीला, शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणाऱ्या पोराला जास्त आहे. या गाड्या रस्त्यावर आत्ता, या घडीला धावत आहेत. खर्च हौशी माणसाकडूनच घ्या, दणकून शुल्क घ्या. तो ते देईल, कारण आज तो त्याहून जास्त पैसा भीतीपोटी एजंटला देतो. आणि डोंगरात राहणाऱ्यालाही हे लागतं. मेळघाटात, भामरागडात, सह्याद्रीच्या धारेवरच्या वाड्यांत पावसाळ्यात जीपच पोचते. त्या जीपच्या मालकाने जाड पाटे आणि खाचांचे टायर हौसेने घातलेले नसतात, आणि दंडाची पावती मात्र त्यालाही तेवढीच मिळते.

आता जमिनीचा प्रश्न. यावर माझ्याच बाजूचे लोक सर्वांत लंगडं बोलतात, म्हणून थोडं सविस्तर. गाडी कायदेशीर झाली म्हणजे ती कुठेही न्यायचा परवाना मिळाला, असं अजिबात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये ट्रॅफिक चुकवायला एकाने थार थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली, आणि पोलिसांनी त्याच्यावर कारवाई केली. त्या गाडीत काही बदल होता की नाही हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. मूळ स्थितीतल्या गाडीनेही नदी हा रस्ता होत नाही. आपल्याकडे सड्यांची अवस्था बघा. कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे जांभ्याचे सडे लांबून उजाड कातळ दिसतात, म्हणून गाडीवाल्यांना ते फुकटचं मैदान वाटतं. प्रत्यक्षात त्या कातळावर मातीचा थर बोटभर असतो, आणि पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत फुलणारी सगळी सृष्टी त्या बोटभर मातीवर जगते. कासच्या पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो याच फुलांमुळे. ओल्या सड्यावरून एक जीप गेली की चाकोरीत माती दबते, पाणी साचतं किंवा वाहून जातं, आणि त्या पट्ट्यात पुढच्या वर्षी फूल येत नाही. वेळास, आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. वरून गेलेलं चाक वाळू दाबतं आणि पिल्लांची वर यायची वाट बंद होते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे, ती रास्त आहे आणि कोकणातही तशीच कडक हवी. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे, राखीव जंगलात भारतीय वन कायदा, १९२७ आहे. इथे कोणतीही सवलत मागणं मला शरमेचं वाटतं.

मग चालवायचं कुठे? खाजगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, आखलेल्या वाटेवर. इगतपुरीला महिंद्राने प्रशिक्षणासाठी असा ट्रॅक केला आहे. गोव्यात २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज ही पावसाळी ऑफ-रोड स्पर्धा सुरू झाली. तिथे येणाऱ्या स्पर्धेच्या गाड्यांचा आणि रस्त्याचा संबंध ठेवायचं कारणच नाही. पिंजरा बसवलेली, काचा काढलेली, ३७ इंची टायरांची गाडी तिथे ट्रकवरच जावी. कॅलिफोर्नियाने १९७१ च्या कायद्याने हा भाग वेगळाच काढला. रस्त्यावर न येणाऱ्या गाड्यांची स्वतंत्र नोंदणी, त्यांच्यासाठी राखलेल्या जागा, आणि शुल्काचा पैसा त्या जागांच्या देखभालीला आणि पोलिसिंगला. आपल्याकडे बंद पडलेल्या दगडखाणी, माजी खाणपट्टे किती तरी आहेत. त्यांतल्या चार-दोन अशा कामाला दिल्या, तर सड्यावरचा भार हलका होईल आणि आसपासच्या गावांना शनिवार-रविवारचा रोजगार मिळेल. ‘रस्त्याची गाडी’ आणि ‘ट्रॅकची गाडी’ असे दोन वर्ग एकदा कायद्यात आले, की मधल्या संशयाच्या जागा बऱ्याच कमी होतील.

यातलं बरंच सरकारने करायचं आहे, पण सरकार करेपर्यंत आम्ही काय करतो यावर आमचं म्हणणं ऐकायचं की नाही ते लोक ठरवतील. महाराष्ट्रात ऑफ-रोड क्लब पुष्कळ आहेत. त्यांनी उद्यापासून प्रवेशाच्या वेळी आरसी, विमा आणि पीयूसी बघावं. बुलबार लावलेली गाडी परत पाठवावी, मग ती अध्यक्षांची का असेना. एलईडी बारवर रस्त्याला लागण्याआधी कापडी आवरण चढलंच पाहिजे असा दंडक करावा, आणि बार काढूनच टाकला तर उत्तम. लिफ्ट केलेल्या प्रत्येक गाडीची चाकं लोंबती सोडून, स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून ब्रेकचे पाइप तपासावेत. त्याला वीस मिनिटंही लागत नाहीत. झालेला प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवावा आणि पोच जपून ठेवावी, हप्ता वाढला तरी. आणि हे सगळं मोजून, फोटोंसह, परिवहन आयुक्तांकडे मसुद्याच्या रूपात न्यावं: इतके मिलिमीटर, इतक्या व्यासाचा टायर, अशी ब्रेक चाचणी, अशी सही, इतकं शुल्क. मोर्चे आणि हॅशटॅग करून आरटीओच्या नावाने बोटं मोडण्यात आमची दहा वर्षं गेली. मसुदा लिहायला एक पावसाळा पुरे आहे, आणि त्यावर सही करायला सिव्हिल इंजिनिअरपासून फिटरपर्यंत आमच्यातच माणसं आहेत.